चेंडू थांबवणारी

हॉकीत पेनल्टी कॉर्नर मिळाला की लोक एकीलाच बघतात आणि काम तिघी करतात. पहिली गोलाशेजारच्या रेषेवरून चेंडू जोरात बाहेर ढकलते. दुसरी गोलासमोरच्या अर्धवर्तुळाबाहेर वाकून, स्टिक जमिनीला आडवी लावून तो थांबवते. तिसरी तो ओढून घेते आणि गोलात भिरकावते. सगळा कारभार दोन सेकंदांचा. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येतं ते तिसरीचं. पहिलीचं कधीमधी येतं, तिने ढकललेला चेंडू उसळला आणि संधी वाया गेली तर. दुसरीचं येत नाही. चेंडू थांबला यात काय लिहायचं, असं छापणाऱ्यांना वाटतं, आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही.

मी जिच्याबद्दल सांगतोय ती ही दुसरी. आमच्या बाटल्यांच्या कारखान्याच्या महिला संघात तिने बारा वर्षं चेंडू थांबवला. बाकी वेळ ती बचावात खेळायची. संघातल्या मुली तिला ब्रेक म्हणायच्या, नंतर आलेल्या धाकट्या मुली ब्रेकताई म्हणायला लागल्या, आणि शेवटी पगाराच्या पाकिटावर लिहिलेलं नाव वाचून "ही कोण बाई?" असं विचारणारा एक नवा कारकूनही होऊन गेला. मी माल रवाना करणाऱ्या खात्यात होतो आणि कारखान्याचं आठ पानी मासिक काढायचो. काढायचो म्हणजे लिहायचो, तपासायचो, छापून आणायचो आणि उरलेले गठ्ठे कपाटात कोंबायचो. या गोष्टीत माझा हातभार आहे तो त्या मासिकामुळे, आणि तो फारसा अभिमानाचा नाही.

ब्रेकचे वडील भट्टीवर होते. वितळलेल्या काचेच्या उजेडाकडे तीस वर्षं बघून त्यांचे डोळे गेले. एक पुरता गेला, दुसऱ्याने माणूस आला-गेला एवढं कळायचं. तेव्हा ब्रेक एकोणीस वर्षांची होती आणि संघात नुकती आली होती. संघाचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे, ते पूर्वी वडिलांच्या शेजारच्याच भट्टीवर काम करत. ते कारखान्याच्या साहेबांच्या खोलीत गेले, तासभर बसले आणि बाहेर आले ते तिच्या कायम नोकरीचं पत्र घेऊन. तपासणी खात्यात तिला घेतलं. तिथे पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून पट्ट्यावर बाटल्या सरकत जातात. बुडबुडा असलेली, केसाएवढी चीर गेलेली, मान वाकडी असलेली बाटली हाताने उचलून बाजूला टाकायची. वीस मिनिटांनी माणूस बदलतात, कारण नजर थिजते. ब्रेकची थिजत नसे असं तिच्या खात्यातल्या बायका सांगतात. सकाळी बाटल्या, संध्याकाळी मैदान.

तोफ दोन वर्षांनी आली. ही पेनल्टी कॉर्नरची तिसरी. ट्रक चालवणाऱ्याची मुलगी, रुंद खांद्यांची, जिभेला हाड नाही. हे नाव तिला पेपरवाल्यांनी दिलं आणि तिने ते लगेच अंगाला लावून घेतलं. पहिल्याच आठवड्यात तिने ब्रेकला सांगितलं, चेंडू हलता ठेवलास तर मी मारणार नाही, तुझ्या अंगावर फेकीन. ब्रेक म्हणाली, फेक. त्यानंतर रोज संध्याकाळी दीडशे-दोनशे चेंडू एकीने थांबवायचे आणि दुसरीने मारायचे, असं चाललं. दोघी मैत्रिणी होत्या का, असं मला पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. एकमेकींच्या घरी त्या लग्नाबारशालाच गेल्या असतील. पण नवराबायकोला जेवढं एकमेकांच्या श्वासावरून कळतं, तेवढं त्यांना मैदानावर कळायचं.

ब्रेकच्या संघातल्या सातव्या वर्षी तोफेची पाठ गेली. कमरेतली चकती सरकली. तीन महिने ती पालथी झोपून होती. परत आली तेव्हा डॉक्टरने खेळायला हरकत नाही असा कागद दिला होता आणि तोफेनेही पाठ ठणठणीत असल्याचं सांगितलं. सरांनी चेंडू थांबवायच्या जागी पांढऱ्या रंगाचा ठिपका काढलेला होता. पहिल्या संध्याकाळी ब्रेकने नेहमीप्रमाणे चेंडू त्या ठिपक्यावर ठेवला. तोफेने तो ओढताना दातांतून श्वास घेतला, तो ब्रेकला ऐकू आला. फटकाही गोलकीपरच्या उजव्या हाताकडेच गेला. मग दुसरा, तिसरा, सगळे त्याच बाजूला. तोफेला कमरेतून पुरतं वळता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ब्रेकने चेंडू ठिपक्याच्या वीतभर डावीकडे थांबवला. तोफेने तिच्याकडे एकदा बघितलं आणि मारला. चेंडू गोलकीपरच्या डाव्या कोपऱ्यात वर गेला. त्या दिवसापासून प्रत्येक चेंडू वीतभर डावीकडे. याबद्दल दोघींत एक शब्द झाला नाही. सरांना फक्त गोल दिसत होते, आणि गोल होत होते. संघ तीनदा लीगच्या अंतिम सामन्यात पोचला आणि तिन्ही वेळा हरला, पण तो दोष कॉर्नरचा नव्हता.

ब्रेक तीस वर्षांची असताना बंदराच्या शहरातल्या क्लबने तोफेला बोलावलं. तो क्लब एका जहाज कंपनीचा. पगार आमच्या तिप्पट, राहायला घर, प्रत्येक कॉर्नर गोलामागे वेगळा बोनस. तोफेने ही बातमी सगळ्यांत आधी ब्रेकला दिली, कपडे बदलायच्या खोलीत, मनगटावरची पट्टी सोडवता सोडवता. ब्रेक म्हणाली, बरं झालं. तोफेला तेवढ्याने समाधान झालं नाही.

"माझी पाठ तीन वर्षं चालेल. चार नाही," ती म्हणाली. "तीन वर्षांत जे मिळेल ते मिळेल. नंतर मला कोण विचारणार आहे?"

पाठीचा विषय तिने तोंडाने काढला तो तेव्हाच. ब्रेकने मान हलवली. वडिलांना घर बांधून द्यायचंय, असंही तोफ म्हणाली, पण ते पुढे कारखान्याच्या कँटीनमध्ये कुणाला पटलं नाही. कँटीनमध्ये तिचं नाव आठवडाभर गद्दार होतं. जी माणसं स्वतः दोन पैसे जास्त मिळाले म्हणून शेजारचा कारखाना सोडून आमच्याकडे आली होती, ती सगळ्यांत मोठ्याने बोलत होती. ब्रेक त्यांच्या टेबलावरून डबा उचलून दुसरीकडे जाऊन बसायची.

बंदराच्या क्लबकडे चेंडू थांबवणारी होती आणि ती उत्तम होती. ठिपक्यावर म्हणजे ठिपक्यावर, केसभर इकडेतिकडे नाही. तिथेच घोडं पेंड खात होतं. तोफेला वीतभर डावीकडे हवा होता आणि तसं सांगायचं तर का ते सांगावं लागणार, आणि का ते सांगितलं तर करार गोत्यात येणार. अर्ध्या मोसमात क्लबला एकतीस कॉर्नर मिळाले, गोल झाले चार. क्लब तरीही पहिल्या तिघांत होता, कारण बाकीच्या मुली तगड्या होत्या. पण एवढे पैसे ओतून आणलेली तोफ फुसकी का निघाली, हे क्लबच्या व्यवस्थापकाला कळेना. शेवटी त्याने आमच्या संघाच्या जुन्या सामन्यांची चित्रफीत काढून बघितली आणि त्याच्या नजरेत पहिल्यांदा दुसरी बाई भरली.

तो एका रविवारी सकाळी ब्रेकच्या घरी आला. घर म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, आणि त्याच्याच इमारतीला लिफ्ट नाही यावर घरात रोज एक तरी विनोद होतो. व्यवस्थापक धापा टाकत वर आला तेव्हा दार उघडलं सासूबाईंनी. सासूबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. पस्तीस वर्षं त्यांनी कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून दिली होती. त्यांनी पाहुण्याला पाणी दिलं, बसवलं आणि सून अंघोळीहून येईपर्यंत त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. ब्रेक आली तेव्हा तिच्यासाठी फक्त आकडा उरला होता.

आकडा चांगला होता. सध्याच्या पगाराच्या दुप्पट, तीन वर्षांचा करार. आणि क्लब या वर्षी जिंकेल अशी शक्यता होती, जी आमच्या संघाबद्दल कुणी शपथेवर सांगितली नसती. नवरा म्हणाला, तिथे इमारती उंच आहेत, माझंही बरं चालेल.

सासूबाईंनी मात्र विचारलं, "त्या तोफेला गोलामागे काय मिळतं?"

व्यवस्थापक घुटमळला. मग त्याने सांगितलं.

"आणि हिला?"

हिला तसं काही ठेवलेलं नव्हतं. थांबवण्याचा बोनस जगात कुठेच नसतो, असं त्याने हसत समजावलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आमच्या खात्यातही जोडून देणारीला कुणी विचारत नसे, पण आम्ही तिथे होतो म्हणून लोक बोलायचे.

ब्रेकने दोन दिवस घेतले आणि मंगळवारी व्यवस्थापकाला फोन करून सांगितलं: मी येते, पण कॉर्नरवर झालेल्या गोलाचा बोनस दोघींत निम्मा. व्यवस्थापकाची हरकत नव्हती. क्लबच्या खिशातून जास्त काही जाणार नव्हतं. पण तोफेच्या करारात बदल करायचा तर तिची सही हवी होती. संध्याकाळी तोफेचा फोन आला. हे बोलणं ब्रेकने मला पुढे जसंच्या तसं सांगितलं, कारण ते फार मोठं नव्हतं.

"निम्मा बोनस मागितलास?"

"हो."

"गोल मी मारते."

"मग मार."

तोफेने फोन ठेवला. तिने सही केली नाही, ब्रेकने अट सोडली नाही, आणि खेळाडू बदलायची मुदत संपली.

आता माझा भाग. कारखान्यात बातमी पसरली ती अशी: बंदरवाल्यांनी दुप्पट पगार देऊ केला आणि आपल्या पोरीने तो लाथाडला. मी ती बातमी उचलली आणि मासिकाच्या पहिल्या पानावर दीड स्तंभ लिहिला. मथळा होता 'निष्ठा'. त्यात तिच्या वडिलांचे डोळे, सरांनी मिळवून दिलेली नोकरी, कारखान्याशी असलेली नाळ, सगळं घातलं. तिला न विचारताच लिहिलं, कारण विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. साहेबांना लेख इतका आवडला की त्यांनी पाळी सुटायच्या वेळी फाटकापाशी छोटा समारंभ केला आणि तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि काही बोलली नाही. लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली. हातात अंक होता.

"हे परत घेता येईल का?" तिने विचारलं.

दोन हजार प्रती वाटून झाल्या होत्या. मी विचारलं, काही चुकीचं लिहिलंय का.

"मी थांबले नाही हो," ती म्हणाली. "माझं जमलं नाही एवढंच."

मला ते कळलं नाही. मला वाटलं ही बाई स्वतःला कमी लेखते आहे, आणि मनातल्या मनात मी आणखी अर्धा स्तंभ लिहिला. सुदैवाने तो छापला नाही.

मोसमाच्या शेवटी उपांत्य सामन्यात आमची गाठ बंदराच्या क्लबशीच पडली. ते होणारच होतं, ते पहिले आले होते आणि आम्ही कसेबसे चौथे. सामन्याच्या आदल्या दुपारी सरांनी ब्रेकला मैदानाच्या कठड्यावर बसवलं. तोफ यंदा का चुकतेय, तिचं काय बिघडलंय, हे तुला माहीत असणार, असं ते म्हणाले. ब्रेक म्हणाली, वर्षभर मी तिला जवळून बघितलं नाही. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. मग सरांनी नेहमीची आखणी सांगितली. कॉर्नर त्यांना मिळाला की ब्रेक गोलातून पहिली धावणार, थेट फटका मारणारीच्या अंगावर. धावताना तिने गोलकीपरची डावी बाजू झाकायची. उजवी बाजू गोलकीपर सांभाळेल.

पहिली धावणारी म्हणजे तोंडाला जाळी, गुडघ्याला पट्टे, हातात जाड मोजे आणि बाकी देवाच्या भरवशावर. चेंडू ताशी शंभराच्या वर वेगाने येतो. तिथे उभं राहायला फार अक्कल लागत नाही, अक्कल असलेला माणूस राहणारही नाही, असं सरच म्हणायचे.

बंदरवाल्यांना त्या सामन्यात तीन कॉर्नर मिळाले. पहिल्या वेळी ब्रेक धावली ती डावी बाजू झाकत नाही, तर उजवी. चेंडू तिच्या मांडीवर बसला. आमच्या बाकावरून सर ओरडले, कारण सगळी डावी बाजू उघडी पडली होती. दुसऱ्या वेळी ती पुन्हा उजवीकडेच धावली. चेंडू तिच्या स्टिकला लागून बाहेर गेला. सामना संपायला चार मिनिटं असताना तिसरा कॉर्नर मिळाला. आम्ही एक गोलाने पुढे होतो. तिने पुन्हा तेच केलं. चेंडू नडगीवरच्या पट्ट्याला लागला, पट्टा तडकला, ती खाली बसली आणि आम्ही जिंकलो.

तीनही वेळा डावा कोपरा मोकळा होता. साध्या खेळाडूनेसुद्धा तिकडे मारला असता. तोफेला मारता येत नाही हे मैदानावर फक्त दोघींना माहीत होतं.

सामना संपल्यावर सरांनी विचारलं की ठरलं होतं एक आणि केलंस दुसरंच, ते का. ती म्हणाली, अंदाज बांधला. सर म्हणाले, असे अंदाज मला आधी सांगत जा.

मैदानाला डॉक्टरची खोली एकच होती, दोन्ही संघांसाठी. ब्रेकला मांडीवर बर्फ बांधून एका टेबलावर बसवलं होतं. दुसऱ्या टेबलावर तोफ पालथी पडली होती. डॉक्टर पट्ट्या आणायला बाहेर गेला. मी दारात होतो, मासिकासाठी दोन वाक्यं मिळतील या आशेने, आणि मला पाहून दोघींपैकी कुणी बोलायचं थांबलं नाही.

"तुला माहीत होतं," तोफ टेबलात तोंड खुपसूनच म्हणाली.

"हो."

"सरांना सांगितलंस?"

"नाही."

"मग कुणाला?"

"कुणालाच नाही. मी धावले ना."

ब्रेकने मांडीवरची बर्फाची पिशवी सरकवली.

"मी असते तर सांगितलं असतं," तोफ म्हणाली.

"ते मला माहीत आहे."

डॉक्टर परत आला. मी दोन वाक्यं न घेताच निघालो. ब्रेकच्या चेहऱ्यावर मला जिंकल्याचं काही दिसलं नाही, वाईट वाटल्याचंही नाही. ती नडगी दाबून बघत होती.

अंतिम सामना आम्ही हरलो. चौथ्यांदा. एका गोलाने, शेवटच्या सत्रात. ब्रेक दुखऱ्या मांडीने सगळा वेळ खेळली आणि तिच्या हातून चूक झाली नाही. त्यामुळे तिला राग काढायला ती स्वतःसुद्धा उरली नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर ती काय म्हणाली ते तिच्या सासूबाईंनी मला सांगितलं. ती म्हणाली, आई, मी बारा वर्षं नीट खेळले आणि मला जिंकणं म्हणजे काय ते माहीत नाही.

मग गोष्टी भराभर झाल्या. बंदराच्या क्लबने तोफेची पुन्हा तपासणी करवली, पाठीचं प्रकरण बाहेर आलं आणि उरलेली दोन वर्षं रद्द झाली. थोडे पैसे देऊन त्यांनी तिची बोळवण केली. आणि त्याच व्यवस्थापकाने ब्रेकला पुन्हा फोन केला. तीन वेळा तोफेला अडवणारी बाई आपल्या बचावात हवी, असं त्याच्या क्लबचं म्हणणं होतं. बाहेरच्या देशातून त्यांनी फटका मारणारी नवी आणली होती, तिच्यासाठी चेंडूही थांबवायचा. पगार आधी सांगितला होता तोच. या वेळी ब्रेकने बोनसचं नावही काढलं नाही. सासूबाईंनी खुणा करून बघितल्या, पण तिने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने एकच प्रश्न विचारला: यंदा कोण कोण राहणार आहे? नावं ऐकून ती हो म्हणाली.

कारखाना बिनपगारी रजा देईना. कायम नोकरीचा राजीनामा द्यावा लागणार होता. तिने आधी वडिलांना सांगितलं. त्यांनी तिथलं मैदान चांगलं आहे का एवढंच विचारलं. मग ती सरांकडे गेली, त्यांच्या त्या खोलीत, जिथे फुटक्या स्टिक कोपऱ्यात उभ्या असतात. सरांनी राजीनाम्याचं ऐकून घेतलं. तिच्या वडिलांचा किंवा त्या नोकरीच्या पत्राचा उल्लेख त्यांनी केला नाही. ती म्हणते, केला असता तर बरं झालं असतं, उत्तर तयार होतं.

"तेव्हा दुप्पट देत होते तर गेली नाहीस," सर म्हणाले. "आता तेवढ्यावरच जातेस?"

"तेव्हा मी वाटा मागत होते. आता मला जिंकायचंय."

"इथे नाही जिंकणार?"

 सरांनी टेबलाचा खण उघडून एक कागद तिच्यासमोर सरकवला. परवाच त्यांनी तोफेला परत घेतलं होतं, निम्म्या पगारावर. साहेबांच्या मागे लागून, शब्द टाकून. चेंडू थांबवायला तू आहेस या भरवशावर, असं ते म्हणाले.

ब्रेकने कागद वाचला आणि परत सरकवला. ती आणखी दहा मिनिटं तिथे बसली, असं सर सांगतात. मग उठली आणि राजीनामा द्यायला दुसऱ्या मजल्यावर गेली.

कँटीनमध्ये गद्दार हा शब्द वर्षभरात जुना झाला नव्हता, माणसं तीच, फक्त नाव बदललं. तोफ परत आल्याचं सगळ्यांना कौतुक होतं, पाखरू घरट्यात परतलं वगैरे. माझा 'निष्ठा' हा लेख कुणीतरी सूचनाफलकावर चिकटवला आणि तिच्या फोटोला मिशा काढल्या. तीन दिवस तो तिथे होता. मी तो काढायला हवा होता. माझ्या खात्याला जायचा रस्ता तिथूनच होता.

तोफेने मात्र एक शहाणपणाचं काम केलं. पहिल्याच संध्याकाळी तिने सरांना पाठीचं खरं काय ते सांगितलं. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. सरांनी जरा शिव्या दिल्या, मग रंगाचा डबा मागवला आणि ठिपका वीतभर डावीकडे काढला. नव्या मुलीला एका आठवड्यात जमलं. त्या वर्षी तोफेने सतरा गोल केले. एवढं सोपं होतं तर आधी का नाही सांगितलंस, असं सर तिला येताजाता ऐकवत. संघ पाचवा आला.

बंदराचा क्लब जिंकला. ब्रेकने अंतिम सामना पूर्ण खेळला. दोन्ही गोल कॉर्नरवर झाले, परदेशी बाईने मारले. तिची भाषा ब्रेकला येत नव्हती आणि ब्रेकची तिला. सराव बोटांनी आणि मानेने चालायचा. ब्रेक म्हणते, सोपं गेलं, ती बोलतच नव्हती. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचं नाव आलं, संघाच्या फोटोखाली, मागच्या रांगेत डावीकडून चौथी.

मी तिला फोन केला होता, मासिकासाठी नाही, असाच. कसं वाटलं ते विचारलं. ती विचार करून म्हणाली, "जेवढं वाटेल असं वाटलं होतं तेवढंच वाटलं. कमी नाही, जास्त नाही." मग मी दुसऱ्या खात्यात बदली मागितली होती, तिचं काय झालं ते तिने विचारलं.

पुढच्या वर्षी तिच्या गुडघ्याने दगा दिला. शेवटच्या वर्षाचा पगार क्लबने अर्धाच दिला आणि तिने भांडण केलं नाही. नवऱ्याचं काम तिथे खरंच चांगलं चाललं होतं, त्यामुळे ती तिथेच राहिली. आता ती एका शाळेत मुलींना खेळ शिकवते. कायम नोकरी नाही, दरवर्षी पत्र नवं येतं. कारखान्यात राहिली असती तर आज तपासणी खात्याची मुख्य असती. हे तिला लोक सांगतात, ती हो म्हणते.

मागच्या वर्षी ती वडिलांना कायमचं घेऊन जायला आली होती. माझ्याकडे गाडी आहे म्हणून मी सोबत होतो. सामान चढवून झाल्यावर ती म्हणाली, वाटेत दहा मिनिटं थांबायचंय. तोफेने शेवटी गावाबाहेर वडिलांसाठी घर बांधलं आहे, वरच्या मजल्याला अजून गिलावा नाही. तोफ दारात आली, कमरेला पट्टा होता. दहा मिनिटांचा तास झाला. ब्रेकचे वडील गाडीतच डुलक्या घेत होते, मी व्हरांड्यात तोफेच्या वडिलांशी ट्रकच्या टायरबद्दल बोलत बसलो. आतून ऐकू येत होतं ते सगळं पाठ, गुडघे, शेकायच्या पिशव्या आणि चांगला डॉक्टर कोण याबद्दल. हॉकीचा विषय निघाला असेल तर मला ऐकू आला नाही.

निघताना तोफेने गाडीच्या खिडकीतून वाकून ब्रेकच्या वडिलांना ओळख सांगितली. त्यांना आठवलं नाही, तरी त्यांनी हात पुढे केला आणि घराचं काम कुठवर आलंय ते विचारलं. तोफ म्हणाली, खालचं झालंय, वरचं बघू. मग तिने गाडीच्या टपावर थाप मारली आणि आम्ही निघालो, कारण अंधार पडायच्या आत घाट ओलांडायचा होता.